बॅटरी बदलेपर्यंत

सादिरबेक बोलला तो सात फायलींत.
रेकॉर्डर दर वीस मिनिटांनी नवी फाईल उघडायचा,
म्हाताऱ्याच्या तोंडात शब्द अर्धा असला तरी.
बर्फाला आम्ही 'कार' म्हणतो:
त्यातला 'का' दुसरीच्या शेवटी,
'र' तिसरीच्या तोंडाशी.

"चाळिसाव्याच्या जेवणाला ऐकवायचंय," त्याची लेक काल्बूबू म्हणाली.
"एकसलग कर. मध्ये कुठे अडकायला नको."
नारीनच्या रेडिओ केंद्रात हे काम माझ्याकडेच येतं.

आधी मी आळस केला.
एकीच्या शेपटाला दुसरी चिकटवली, तशीच,
खोगिराचे तुटके पट्टे गाठ मारून जोडावेत तशी.
प्लेअर म्हणाला, एकूण वीस मिनिटं.
पहिलीच्या कपाळावरचं वाचून तो निर्धास्त;
मागे माणूस अजून दोन तास बोलतोय, पत्ताच नाही.
सांध्यावर टक्!
फाईलच्या शेवटी नाव-तारखेची चिठ्ठी असते,
यंत्र तीही आवाज समजून वाचायला गेलं.
आणि चौथी, रेकॉर्डर गारठला म्हणून नातवाच्या फोनवर घेतलेली,
वेगळ्या दराची:
तिथे ऐंशीचा सादिरबेक
पोरासारखा चिरक्या आवाजात पळत सुटला.

मग कात्री घेतली.
दाबलेला आवाज चौकटींचा असतो,
एकेक सव्वीस मिलिसेकंदांची,
आणि चौकट काही स्वतःच्या पायावर उभी नसते.
सामान जास्त झालं की
मागचीच्या उरल्यासुरल्या जागेत थोडं ठेवून येते.
मी मागची कापली.
पुढची आपलं सामान शोधत राहिली,
आणि म्हाताऱ्याच्या तोंडून बुडबुडा निघाला.

शेवटी सातही उकलल्या,
लाटेची लाट होईपर्यंत.
प्रत्येकीच्या डोक्याशी नि शेपटाशी
यंत्राने भरलेली शांतता असते, कोणीच न पाळलेली.
ती तांदळातल्या खड्यांसारखी वेचली.
चौथीचा दर जुळवला. मग सगळं मिळून
एकदाच दाबलं.
दाबलं की थोडं जातंच;
'स'च्या कडा बोथटल्या. तेवढं मी स्वतःला माफ केलं.
'कार' जुळला.
शपथ घातली तरी कोणाला सांधा सापडला नसता.

पण पाचवी आणि सहावी.
पाचवीच्या शेवटी घोडा नदीच्या बर्फावर उभा,
खाली तडा गेलेला,
सादिरबेक म्हणतो, "आणि मग"
सहावीत चहाचा घुटका, "सकाळी मेंढ्या मोजल्या."
मध्ये बॅटरी बदलली. चार मिनिटं, की दहा.
माझा हात इतका सफाईदार
की त्याचं एकच वाक्य झालं.
घोडा त्यात बुडाला नाही, वाचलाही नाही,
नुसता नव्हताच.

रात्री उशिरा तो सांधा उघडला.
दिवसभर शांतता वेचून फेकत होते,
आता हाताने दोन सेकंद आत ठेवली.
खोलीची घरघर नाही, शेगडीची नाही,
निखळ शून्य,
कान अडखळावा इतकं.

चाळिसाव्याला त्या जागी सगळ्यांचे घास थांबले.
"इथे बॅटरी संपली," नातू म्हणाला.
"घोडा निघाला बाहेर," काल्बूबू म्हणाली.
"कसला निघतोय," सादिरबेकचा भाऊ म्हणाला,
"दोर मीच कापला."
काल्बूबूने हातातली वाटी खाली ठेवली.
तोवर सादिरबेक
दोनशे अकरापर्यंत पोचला होता.