गाबोळी

काणकोणला चावडीच्या बाजारात
आवयची मासळीची फळी.
त्या वर्षी फळीखाली, बर्फाच्या फुटक्या पेटीत
काणी मांजरी व्याली.

एरवी मांजराच्या पाठीत हिराची केरसुणी बसायची सपकन.
हिला नाही.
आवयने पेटीवर जुनं लुगडं टाकलं,
शेजारणीला म्हणाली,
"बाळंतीण आहे गो, पाणी तिकडे ओत."

मग बांगड्यांची डोकी फेकणं बंद.
वाटा लावता लावता मधेच वाकून बघायची:
एक पिवळं, दोन काळी,
चौथ्याचा रंग काही ठरेना.

मासळीत गाबोळी निघाली तर तिचा हात हळू व्हायचा.
ती विकायची नाही कधी.
पोटुशी कुणी आली की
पानात बांधून द्यायची, हिशोबाबाहेर.
"हजार पोरं होती हिची," म्हणायची,
वाड्यावरचंच कुणी गेल्यासारखं.

मी तिची एकुलती.
शाळा सुटली की फळीपासून चार हात लांब,
नाकाला रुमाल.

नवव्या दिवशी मांजरीने एकेक पिल्लू मानेला धरून
टाकीमागे नेलं.
चौथं राहिलं, ओरडत.
आवयने सुरी ठेवली,
हात धुतले साबणाने, दोनदा,
मगच उचललं त्याला.
"आपला वास लागला तर
आई ओळखायची नाही."

मला जवळ घेण्याआधीही
असेच धुवायची हात. दोनदा.
तरी यायचा.

आता कधी बांगडे कापते
तेव्हा नळ लगेच
सोडत नाही.