नाव घालणं

दिवसा अंबडला, व्हॉल्व्हच्या कारखान्यात,
मशीनचे आकडे गोळा करणारा प्रोग्राम सांभाळते.
संध्याकाळी होळकर पुलावरून स्कूटर पंचवटीत,
बल्लाळकाकांच्या जिन्याखालच्या खोलीत.
ते लाल बासनातून वही सोडतात,
चष्मा कपाळावर चढवून मोडी वाचतात.
मी टंकते.

"तुमच्या यंत्राला यजमान कळतो का गं?"
नाही काका. आकडा कळतो, अक्षरांची ओळ कळते.
यजमान म्हणजे काय, ते आपण सांगायचं:
गाव, कुळ, आले तो शक, कुणाचं पिंडदान, खाली सही.
हा झाला क्लास. साचा नुसता, माणूस नाही.
"म्हणजे कोरी वही."
हो. रेघा मारलेली.

मग डावीकडे नाव,
उजवीकडे साच्यातून उठवलेला एक जण,
मध्ये दोन आडव्या रेघा.
शाळेत त्या बरोबरीच्या होत्या.
इथे बरोबर कुणी नाही, इथे गाठ आहे.
कॉलेजात सर म्हणायचे, व्हेरिएबल म्हणजे डबा, किंमत आत.
सरांना एकदा भांडीबाजारात न्यायला हवं होतं:
पातेल्यावर नाव घालतात,
नावात पातेलं घालत नाहीत.

शके १८४२, सिंहस्थ.
जामनेरचे रावजी भोकरे. सोबत कुटुंब.
शके १८५४. रावजी भोकरे. कुटुंब वारले.
बस.
मी थांबले. काका, हिचं नाव?
"तेव्हा घालत नसत."

यंत्रात असं असतं काका,
की ज्याला एकही नाव धरून नाही
त्याला झाडूवाला घेऊन जातो. न विचारता.
काका काही बोलले नाहीत.
दुसरं बासन सोडलं. मग तिसरं.
खाली नदीवरची आरती सुरू होऊन संपली.
मग पहूरच्या पानावर त्यांचं बोट:
कन्या भिवरा, दिली जामनेरास, भोकरे यांचे घरी.

लिहिलं मी. भिवरा, आणि तिच्यासमोर
नवी बाई नाही उठवली,
तीच, रावजीच्या ओळीतली, बिननावाची.
विचारलं: ही आणि ती एकच?
पडद्यावर उत्तर आलं, खरं.
"वहीत खाडाखोड चालत नाही,"
काका म्हणाले, "तुझ्यात राहू दे."

ताईच्या लग्नात ताटातल्या तांदळावर
भावजींनी अंगठीने मृणाल लिहिलं होतं.
सगळे वाकून बघत होते.
ते तांदूळ पुढे कोणी शिजवले, मला आठवत नाही.

पुलाच्या अलीकडे स्कूटर बाजूला घेतली.
माझ्या फोनमध्ये ती अजून जुई आहे.
लावला.
"बोल गं," म्हणाली, मागे कुकरची शिट्टी,
आणि कुणीतरी आतून, मृणाल, गॅस बंद कर.
"आले," असं ती त्यांना म्हणाली.
फोन ठेवला नाही.