निव्वळ वजन

जालन्यात, एमआयडीसीच्या फाट्याला, वजनकाट्यावर
माझी रात्रपाळी.
भंगाराचा ट्रक चढतो, लाल आकडे पळतात,
रिकामा होऊन परत येतो, पुन्हा आकडे.
यातून ते वजा केलं की निव्वळ माल.
पावती फाडतो. पुढची गाडी.

तीनच्या सुमाराला रस्ता मोकळा पडतो
तेव्हा चप्पल काढून मीच प्लेटवर जातो.
साठ.
काटा दहाच्या पटीत बोलतो;
एकसष्ट, बासष्ट, पाच महिन्यांत झालो असलो तर चौसष्टसुद्धा
त्याच्या लेखी साठच.
एवढ्या लांबरुंद लोखंडावर मी म्हणजे
टायरला चिकटून आलेला चिखल.

जिम स्पेअरपार्टच्या दुकानावर, पत्र्याखाली.
तीन भिंतींना आरसे, चौथीला कूलर.
जावेदभाई म्हणतो, रोज बघू नको,
बघून वाढत नसतं.
मी बघतो.
गाडीच्या आरशात, एटीएमच्या काचेत,
पातळ वरणातसुद्धा.
दंड तिथंच. बाहीत वारं खेळतं.
टेलरनं बाह्या दोनदा आत घेतल्या,
तिसऱ्यांदा म्हणाला, आता शिवणीला कापड उरलं नाही.

पावडरचा डबा संपला तशी आईनं त्यात तूरडाळ भरली.
डब्यावरचा माणूस अजून दंड फुगवून उभा,
पोटात आमची डाळ.

परतूरला भावाचं लग्न. मे महिना.
शर्टाखाली मी दोन बनियन घातलेले.
हळदीला पोरांनी अंगं उघडी केली
आणि नवरदेवाचा सख्खा भाऊ
जनरेटरमध्ये डिझेल किती आहे ते बघत बसला.

काल मुंजाजीमामानं मला काट्यावर गाठलं.
साठीचा माणूस, भंगार उतरवतो,
हात पऱ्हाटीसारखे.
हसेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.
"किती भरलं?"
"साठ."
विडी विझवून तोही चढला.
एकशे दहा.
"म्हंजे म्या पन्नास," म्हणाला, आणि गप झाला.
माझ्या वरचे चार कुठं गेले, काट्यानं सांगितलं नाही.

मग सदऱ्याची बाही वर सारत,
हॅलोजनकडं तोंड करून:
"एक फोटू काढ. दंडाचा. उजव्याच.
डावा पार उतरलाय."
"कुणाला दाखवायचाय?"
"कुणालाच न्हाई."

मी मोबाईल धरला.
त्यानं छाती पुढं काढली, पोट आत ओढलं,
श्वास कोंडला,
अगदी मी कोंडतो तसा, ओठ मिटून, भुवया वर.
हा कुठं शिकला?

फोटो हलला. दुसरा काढावा तर
अंबडकडून गाडी आली, हॉर्नवर हॉर्न.
आम्ही घाईनं खाली उतरलो.
लाल आकडे खाली आले,
शून्यावर थांबायला त्यांना
जरा वेळ लागला.