अट क्रमांक चौदा

पर्वरीच्या चढावरची इमारत. सातव्या मजल्यावर
मी टेप घेऊन जिन्याने गेलो. लिफ्ट पाहुण्यांसाठी होती.

परवान्यात अट क्रमांक चौदा :
आठ घरं, प्रत्येकी बत्तीस चौरस मीटर,
कमी मिळकतीच्या कुटुंबांना, ठरल्या दराने.
खाली बिल्डरची सही, इतकी ऐसपैस
की तिलाच गच्ची म्हणावं.

आठही दारांना आकड्यांचं कुलूप.
मॅनेजर म्हणाला, किल्ली नसते साहेब, कोड असतो,
आणि कोड माझ्याकडे नसतो.
तेवढ्यात चादरींचं गाठोडं घेऊन एक बाई आली,
न बघता चार आकडे दाबले.

आत दोन पलंग, भिंतीवर सुकलेला तारामासा,
टेबलावर वाय-फायचा पासवर्ड.
बत्तीस मीटर मात्र बरोबर भरले.
मापात काही खोटं नव्हतं.

यादी काढली. सातशे तीन : शेवंती कुष्टा गावडे, ताबा दिला.
सहीच्या जागी अंगठा.
"ही कुठं राहते?"
"मीच ती," बाई म्हणाली. "डिचोलीहून येते, दोन बस बदलून.
पण मला सही येते हो.
आधार तेवढं नेलेलं त्यांनी, कामाला लागताना."

मॅनेजरला नेमका तेव्हाच फोन आला.

दारावर नोटीस चिकटवली, चारही कोपरे दाबून.
तिनं ती दोनदा वाचली, तिसऱ्यांदा नुसतं नाव.
"संध्याकाळी पाहुणे आहेत. चादर घालू, की नको?"

मी पंचनाम्याचा कागद पुढं केला.
तिनं गाठोडं खाली ठेवलं,
पलंगावर नाही, फरशीवर,
आणि पूर्ण नाव लिहिलं. वेळ घेऊन.