बॅटरी

पावणेसहाला विहिरीवरचा पंप लावतो
आणि दात घासत वाफ्यांकडे बघत राहतो.
तांबड्या भाजीला पाणी. बस्स, तेवढंच जमतं.
सात वाजून दहा मिनिटांनी सर्वणच्या वडाखाली
पहिली मुलगी उभी असते, दप्तर पोटाशी धरून,
आणि माझा बालरथ दवात भिजून
म्हाताऱ्यासारखा खोकत असतो.

मिरचीचा तरवा अकरा दिवस तसाच.
डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून आणलेला,
केळीच्या सोपात गुंडाळून, पन्नास रुपयांना.
गुरुवारी आईच्या गोळ्या संपल्या.
शुक्रवारी सिलिंडर.
मग ज्याच्यासाठी सगळं राखून ठेवलं होतं तो रविवार:
तीन फावडी मारली असतील नसतील,
शाळेतून फोन, गॅदरिंगच्या तालमीला
नाचणाऱ्या मुली आणायच्या आहेत.

साडेआठ ते साडेबारा तू मोकळाच की,
असं सगळे म्हणतात,
आणि प्रत्येक जण त्या मोकळ्या वेळात
आपापलं एकेक काम पेरून जातो.
कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा वीजबिलाचा घोळ,
हेडबाईंचे कागद पणजीला.
माझे चार तास असे दुसऱ्यांच्या वाफ्यांत उगवतात.

सुलक्षा म्हणाली, झाडं तुमच्या ड्युटीला थांबतात होय?
त्या आंब्याकडे बघा,
कुणाला न विचारता मोहरला.

मंगळवारी ठरवलं, आज नाही तर तरवा चुलीत.
पण दिवस हल्ली सहालाच माडांमागे बुडतो.
परसातला बल्ब गेल्या पावसात गेलाय
(तेही एक काम आहे, यादीत खाली कुठेतरी).
मग बालरथ मागे-पुढे करत
तोंड वाफ्यांकडे केलं
आणि हेडलाइट लावले.

ढेकळांना सावल्या फुटल्या.
तणाचं बोटभर पातंसुद्धा
कुंपणापर्यंत लांब झालं.
सुलक्षा रोप द्यायची, मी बोटाने भोक पाडायचो,
चिमूटभर राख, माती, अंगठ्याने दाबायचं,
वीतभर पुढे सरकायचं.
माना टाकलेली रोपं
गृहपाठ विसरलेल्या वर्गासारखी ओळीत उभी राहिली.
गडग्यापलीकडून रेमेदीनबायची हाक आली:
कितें सोदता रे, भांगर पडलें?
म्हटलं, नाही गो. मिरची.

त्रेसष्ट लागली. सात मेली होती, ती टाकली.
वरून सुक्या झावळ्या आडव्या घातल्या,
मोर येतात म्हणून
माडाला आईचं जुनं लुगडं बांधलं,
आणि जेवून झोपलो, इतका गाढ
की दिवे बंद केले का,
हे आठवायलाही जाग आली नाही.

सकाळी चावी फिरवली. टक्.
परत टक्.
गुणाजी धावत आला, त्याचा मुलगा आला,
पोदेराने पावांची सायकल गडग्याला टेकवली
आणि हॉर्न काखेत धरून ढकलायला लागला.
उतारावर कुठे इंजिनाला दया आली.

वडाखाली वीस मिनिटं उशीर.
लॉगबुकात लिहिलं: बॅटरी.
खोटं नाही ते.
पहिल्या सीटवरच्या पर्णवीने विचारलं,
मामा, तुमच्या नखांत काय आहे?
म्हटलं, राख. ती गप्प झाली,
मग बराच वेळ स्वतःची नखं तपासत बसली.

मिरच्या लागल्याच
तर पहिली ओंजळ हेडबाईंना नेऊन देईन.
का, ते सांगणार नाही.

कामं अजून आहेत. वालीला खांब. केळीची पिल्लं काढायची.
मुळ्याच्या बियांची पुडी होती,
ती शर्टाच्या खिशात राहिली
आणि शर्ट धुण्यात गेला.
आज बघतो तर धुण्याच्या दगडाच्या कडेला,
पाणी वाहून जातं त्या चिरेत,
मुळे उगवलेत, जोडीजोडीने पानं,
ना वाफा, ना राख, साबणाच्या पाण्यावर.

सुलक्षा कपडे आपटताना
आता जरा डावीकडे सरकून उभी राहते.