विसा

सावोच्या तळ्याकाठी, रोपवाटिकेत
एइला रांगेरांगेने खोडं चाचपते,
अंगात कणकण असलेल्या पोराच्या
गळ्याशी गाठ शोधावी तशी.
बर्च नऊ वर्षांचे. काहींना फुगवटे आलेत, काहींना नाहीत.

सालीखाली एक ओला पदर असतो,
कागदाहून पातळ.
उन्हाळाभर तिथे पेशी जन्मतात
आणि जनुकांचे हुकूम सुटतात:
लांब हो.
भिंत जाड कर.
आता मर.
मरायचा हुकूम वेळेवर पोचला
की पेशी रिकामी होते, तिची नळी होते,
तळ्याचं पाणी शेंड्याला लागतं.
ह्या शिस्तीतल्या मरणांना आपण लाकूड म्हणतो.

विसा-बर्चमध्ये कुणीतरी हुकूम अर्धाच ऐकला.
कुणी, कितव्या आठवड्यात,
कुठला दिवा लागायचा राहिला?
एइला अकरा वर्षं एवढंच विचारते आहे,
उणे ऐंशीला गोठवलेल्या चकत्यांना.
न ऐकलेल्या जागी रेषा अडखळते, वळसा घेते,
फिकट लाकडात तपकिरी ज्वाळा उठतात.

तिचा बाप तैस्तो सुरीच्या मुठी घडवतो.
सरळ रेषेच्या लाकडाला तो सरपण म्हणतो.

"स्विच सापडला तर काय करशील?"
"सगळ्या बर्चमध्ये उतरवता येईल."

तो मूठ घासत राहिला, जवसाचं तेल लावलं,
अंगठ्याने ज्वाळेवरून एकदा फिरून आला.
"मग शेकोटीत काय घालायचं?"

काल रात्री दव गोठलं.
पदर निजला.
पुढचे हुकूम मे महिन्यात.