निरीक्षण तक्ता

चूक छापखान्याची असेल, नाहीतर पोस्टाची.
रत्नागिरीला जायचे तक्ते आमच्याकडे आले,
नागपूरला, मानेवाड्यात, शिरपूरकर सरांच्या पत्त्यावर.
"नवे मागवले तर जानेवारी सरेल," सर म्हणाले,
"पक्षी काही थांबायचे नाहीत. हेच भरू."

म्हणून पहाटे साडेचारला उमरेड रोड,
पुढे कोळशाचे ट्रक, त्यांची धूळ,
मागे आम्ही तिघं, दीड दुर्बीण
(यास्मिनचीची एक काच गेलेली),
आणि मांडीवर गरम डबा.

मकरधोकड्याला पोचलो तर तलावच नव्हता.
धुकं होतं. धुक्याच्या काठाला एक डोंगा,
डोंग्यात डोमाजी शेंडे, बिडी विझवत.

तक्ता विचारतो: किनाऱ्यापासून अंतर.
मी लिहिते: आठशे किलोमीटर, दोन्हीकडून.
लाटांची उंची: दोन बोटं.
भरती-ओहोटी: पाटबंधारे खात्याला विचारावी.

चांदवे सातशे, पुढं मोजणं सोडलं.
थापट्या बावीस. नकटे पाच.
नदी सुरय एक, बुडालेल्या खुंटावर,
चोच हळदीत बुडवून काढल्यासारखी.
आणि नऊच्या सुमाराला, धुकं जिथं विरलं तिथून,
चार कुरव.
थंडीत त्यांचं तपकिरी डोकं पांढरं होतं,
कानामागं शाईचा ठिपका तेवढा उरतो.
सर काहीच बोलले नाहीत.
त्यांनी समुद्र एकदाच गाठला होता, विशाखापट्टणमला,
गाडी उशिरा पोचली, रात्र झाली,
त्यामुळे नुसता ऐकला.
कुरव आमच्या डोक्यावरून गेले
घरच्याच रस्त्यानं जावं तसे.

पुढचं पान: देवमासा. संख्या. पाठीचा रंग. फवाऱ्याची दिशा.
"देवमासा म्हंजे?" डोमाजीनं वल्हं थांबवलं.
सरांनी समजावलं.
"किती किलोचा?"
"लाखभर."
"मंग जाळं कोन ओढते जी?"
कोणी नाही. तो आपणहून वर येतो, श्वास घ्यायला.
"श्वास घेते? मंग तो मासा कायचा."
हे मी समासात जसंच्या तसं उतरवलं.

कालचं जाळं बुडालेल्या बाभळीत गुतलं होतं.
डोमाजीनं सदरा काढला,
मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून
यास्मिनच्या हातात दिला, बिड्यांचा कट्टाही,
आणि आवाज न करता खाली गेला.

वलयं गेली काठाकडं. पाणी पुन्हा सपाट.
यास्मिन मोठ्यानं मोजत होती, मग मनात,
ऐंशीनंतर तिचे ओठ थांबले.
सर उभे राहिले, डोंगा कलला,
"बसा," मी ओरडले, की ओरडलेच नाही.
थापट्या एकदम उडाल्या.

उजवीकडं, चार हातांवर, पाणी फुगलं.
काळी पाठ आधी, मग डोकं,
मग छातीच्या तळातून सोडलेला तो श्वास,
आणि जानेवारीच्या हवेत त्याची
उभी, पांढरी वाफ.

"मरळ होती," डोंग्याची कड धरून तो म्हणाला,
"लय मोठी. सोडतच नव्हती."
आमचे चेहरे पाहून जरा वेळानं:
"कोनी बुडालं का पोलिसवाले बलावते ना मले.
तवा याच्याहून जास्त रायतो खाली.
तिथं घाई करून भागत नाई."

संध्याकाळी सरांच्या ओट्यावर तक्ता पुरा केला.
देवमासा, संख्या: शून्य. ते खरंच होतं.
फवारा: दिसला. दहा चाळीस. उजवीकडं. उंची हातभर.
सरांनी वाचलं, चष्मा पुसला,
खोडरबर मागितलं नाही.

शेवटचा रकाना मोठा: समुद्राची स्थिती.
शांत, असं लिहिलं. मग खोडलं.
थंड. एक माणूस आत गेला आणि बाहेर आला.

"मरळीचं वजन राहिलं," यास्मिन म्हणाली.
सव्वादोन किलो.